चिंचेखालचा डबा

माझा संसार चाकांवर मांडला गेला. मालक रोडरोलरचे ड्रायव्हर, आणि रोलरमागं ओढत न्यायचा पत्र्याचा डबा हे आमचं घर. लातूर नुकताच जिल्हा झालेला, म्हणून साहेबांना रस्त्यांची घाई. पाऊस रुसलेला, म्हणून दुष्काळी कामंही रस्त्यांचीच.

उदगीरकडच्या एका गावाबाहेर दोन रोलर मुक्कामाला होते. एक आमचा, दुसरा नांदेडहून उसना आणलेला. राहण्यालायक जागा एकच: चिंचेची गार सावली आणि शेजारी पाणी टिकवून असलेली विहीर. सरपंचांनी नियम घातला होता. ज्याच्या टप्प्याचं काम चालू, त्याचा डबा चिंचेखाली. टप्पा संपला की जागा सोडायची. सूट फक्त बिघडलेल्या रोलरला, कारण तो ओढणार कोण?

नांदेडवाल्यांचा टप्पा संपला आणि त्याच दिवशी त्यांचा रोलर आजारी पडला.

आमचा डबा उघड्या गायरानावर. पत्रा असा तापायचा की भिंतीवर भाकरी शेकावी. मी घागर घेऊन विहिरीवर जावं, तर नांदेडची अक्का चिंचेखाली केस वाळवत बसलेली. ओले केस! असल्या दुष्काळात! न्हायची ती आणि अंगाची आग माझ्या व्हायची.

"काय म्हणतो रोलर?" मी विचारायची.

"इंजिन बसलंय गं. पार्ट येऊन राहिलाय."

"कुठून, इलायतेहून?"

"सावलीत टेक जरा. लई काळवंडलीस बघ."

तिची ही माया मला शिवीपेक्षा झोंबायची.

मग दसरा आला. त्यांनी रोलर धुतला, झेंडूची माळ घातली, हळदकुंकू लावलं. आमच्यात पूजा झाली की चाकाखाली लिंबू ठेवून गाडी त्यावरून नेतात. लिंबू फुटलं नाही तर वर्षभर गाडीवर संकट. अक्का पक्की देवभोळी, हे मला ठाऊक होतं. सरपंच पूजेला निघालेले बघून मी ठेवणीतलं लुगडं नेसले आणि ताटात लिंबू घेऊन त्यांच्या मागोमाग हजर झाले.

"अक्का, लिंबू ठिवायचं राहिलं की!"

तिचा चेहरा उतरला. "बंद गाडीला कशाला?"

"राहू द्या मग. माझ्या आत्याच्या दिरानंबी असंच राहू दिलं होतं. त्याच्या ट्रकचं पुढं काय झालं, ते सणाच्या दिवशी न्हाई सांगत."

आत्याला दीरच नव्हता.

अक्कानं नवऱ्याकडं बघितलं, नवऱ्यानं सरपंचांकडं. शेवटी ती म्हणाली, "जाऊ द्या ती सावली. चालवा, देवाचं काम हाय."

इंजिन पहिल्या झटक्यात धडधडलं. लिंबाचा चेंदामेंदा.

"आँ?" सरपंच म्हणाले. "पार्ट न येताच सुरू झालं की वो!"

सांजेपर्यंत चिंच आमची झाली. मी मुद्दाम न्हाले आणि त्यांचा डबा हलेस्तोवर केस पसरून बसले. चालू रोलर म्हटल्यावर नांदेडच्या ऑफिसनं तो परत मागवला आणि इस्लापूरकडं धाडला. जा जंगलात, मी मनात म्हटलं.

हिवाळा सरता सरता विहिरीनं तळ दाखवला. त्याच दिवसांत नांदेडच्या एसटीचा कंडक्टर रस्त्यावरून हाका मारत आला.

"अक्कानं निरोप धाडलाय. त्यांचा डबा सहस्रकुंडापाशी हाय. धबधबा बारीक झालाय, तरीबी त्याच्या आवाजानं झोप लागंना म्हनती. तुमचं बरं हाय, तिथं शांतता असंल."

मी घागर विहिरीत सोडली. ती खडकावर ठण्णकन आपटली, आणि मग खरंच शांतता झाली.