सात नंबरच्या तीन फेऱ्या

सोमवारी सकाळी पावणेअकराला बेलिफ जूरीच्या खोलीतून चिठ्ठी घेऊन आला. जजने ती वाचली, चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा वाचली. मग आम्हाला ऐकवली. "आमच्यापैकी एकाने शनिवारी तो रस्ता स्वतः ड्राइव्ह करून पाहिला. आता आमचं बाराही जणांचं एकमत झालं आहे. हे चालतं का?"

सरकारी वकील ताडकन उभा राहिला. मी बसूनच राहिले. माझ्या शेजारी माझा अशील मार्कस बसला होता. त्याने हळूच विचारलं, "एकमत झालं म्हणजे चांगलंच ना?"

मी त्याला हाताने थांबायची खूण केली.

मी अमेरिकेत कोलंबस शहरात पब्लिक डिफेंडर आहे. म्हणजे ज्यांना वकील परवडत नाही त्यांचा सरकारने नेमलेला वकील. मार्कस तेवीस वर्षांचा, एका वेअरहाऊसमध्ये पॅकिंग करायचा. एका मोबाइलच्या दुकानात दरोडा घातल्याचा त्याच्यावर आरोप होता. दरोडेखोराच्या तोंडावर मास्क होता, पण दुकानातल्या क्लार्कने म्हणे मार्कसला चालण्यावरून ओळखलं. जामीन जमला नाही, म्हणून सात महिने तो जेलमध्येच होता. त्याची आई रोज कोर्टात यायची आणि तिसऱ्या रांगेत पर्स मांडीवर घेऊन बसायची.

आमचा बचाव साधा होता. गुरुवारी चार वाजून पाच मिनिटांनी मार्कसने वेअरहाऊसमधून निघताना कार्ड पंच केलं. दरोडा चार वीसला पडला, तो कॅमेऱ्यात आहे. मध्ये रेल्वेचं फाटक आणि सहा सिग्नल. आमच्या ऑफिसच्या इन्व्हेस्टिगेटरने तो रस्ता गुरुवारीच, त्याच वेळी, गाडी चालवून मोजला होता आणि शपथेवर सांगितलं होतं की एकवीस मिनिटं लागतात. सरकारी वकिलाने त्याला तासभर उलटसुलट विचारलं. तो एकवीसवरून हलला नाही.

रस्ता पाहून आलेला तो जूरर म्हणजे सात नंबर. आता हे सात नंबर कोण, ते सांगते. इथे जूरीसाठी सामान्य नागरिकांना बोलावतात. दोन्ही बाजूंचे वकील त्यांना प्रश्न विचारतात, नको असलेले गाळतात आणि बारा जण ठेवतात. शिक्षा असो वा सुटका, बाराच्या बारांचं एकमत लागतं. सात नंबर इथल्याच डब्लिन उपनगरात राहणारे, एका मोठ्या कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंगचे मॅनेजर. नावावरून मराठी. ओळखपाळख काही नाही. मी विचारलं होतं, "पुरावा नीट तपासून मगच निर्णय घ्याल?" ते म्हणाले होते, "मॅडम, तपासणं हाच माझा जॉब आहे." मी खूश झाले. आपला माणूस आहे, बारकाईने बघेल, असं वाटलं. माझी अक्कल कुठे चरायला गेली होती कोण जाणे.

जूरीला जज रोज, अगदी रोज, एक गोष्ट सांगतात. बातम्या वाचू नका, गूगल करू नका, घटनास्थळी जाऊ नका. कारण कोर्टात आलेल्या पुराव्याला दोन्ही बाजूंना प्रश्न विचारता येतात. जूररने घरून आणलेल्या पुराव्याला कोण विचारणार? एवढी साधी गोष्ट पाचवीतल्या पोरालाही कळते. पण ते पोर मॅनेजर नसतं.

जजने सात नंबरला एकट्याला बोलावलं. ते फोल्डर घेऊन आले. चेहऱ्यावर अपराधीपणा वगैरे काही नाही. ऑफिसात प्रेझेंटेशन द्यायला आल्यासारखे उभे राहिले.

"तुम्ही त्या रस्त्याने गेला होतात?" जजने विचारलं.

"येस, युअर ऑनर. तीन वेळा. एका रीडिंगवर भरवसा ठेवता येत नाही."

"एकटेच?"

"मिसेस सोबत होती. ती वेळ लिहून घेत होती. तिसऱ्या फेरीत वाटेत इंडियन स्टोअर लागलं, तिथली अकरा मिनिटं मी अर्थातच वजा केलीत."

कोर्टातला शब्द न् शब्द टाइप करणाऱ्या रिपोर्टरने ती अकरा मिनिटंही टिपली. जजने शांतपणे विचारलं, "घटना गुरुवारची होती. तुम्ही शनिवारी का गेलात?"

"गुरुवारी इथे ड्यूटी होती ना. शनिवारी ट्रॅफिक कमी असतं म्हणून मी एक फॅक्टर लावला. उत्तर साडेएकवीस मिनिटं आलं."

"आणि हे तुम्ही बाकीच्यांना सांगितलंत?"

"चार्ट दाखवला. सगळे इम्प्रेस झाले."

सरकारी वकिलाने मिसट्रायल मागितली. म्हणजे हा खटला रद्द, नवी जूरी, पहिल्यापासून सगळं. मी विरोध केला. बाराही जणांनी चार्ट पाहिला होता, तेव्हा एकाला काढून भागणार नाही हे मलाही कळत होतं. तरी बोलले, कारण मार्कसची आई माझ्याकडे बघत होती. जजने मिसट्रायल जाहीर केली. पुढची तारीख साडेतीन महिन्यांनंतरची मिळाली. मार्कसला पुन्हा बेड्या घातल्या.

खटला संपला की जूरर वकिलांशी बोलू शकतात. आठ नंबरची बाई, रिटायर्ड शिक्षिका, कॉरिडॉरमध्ये रडत होती. चिठ्ठी तिनेच लिहिली होती. तिच्याकडून कळलं की शुक्रवारी संध्याकाळीच अकरा जण 'निर्दोष' म्हणत होते. एकटे सात नंबर अडून बसले होते. विरोधात नव्हते हं! फक्त त्यांना खात्री करायची होती.

लिफ्टपाशी ते मला भेटले. आता मराठीत.

"सॉरी हं मॅडम, पण एवढं काय झालं ते मला खरंच कळलं नाही. डेटा तर तुमच्याच बाजूचा होता."

"तोच आकडा आमच्या माणसाने शपथेवर सांगितला होता."

"हो, पण तो तुमचा माणूस ना! मी आपलं इंडिपेंडंटली व्हेरिफाय केलं."

"त्या अर्ध्या मिनिटासाठी एक मुलगा परत जेलमध्ये गेला."

"यार, ही सिस्टिमच आउटडेटेड आहे," ते म्हणाले आणि लिफ्टमध्ये शिरले. फोल्डर काखेत होतं.

माझे वडील नागपूरला पोस्टात होते. ते म्हणायचे, "मोठ्यांना नियम जाचतो, आपल्याला तोच वाचवतो." सात नंबरना नियम जाचला. मार्कसला दुसरं काही वाचवणारं नव्हतं. मला त्या माणसाचा इतका राग आला की दोन दिवस मी घरात सगळ्यांवर खेकसत होते.

दोन आठवड्यांनी सरकारी वकिलाने खटला न लढण्याच्या बदल्यात ऑफर दिली. लहान कलम, झालेली जेल हीच शिक्षा, आजच घरी. मी मार्कसला सांगितलं, "पुन्हा लढू या, आपण जिंकू." तो म्हणाला, "मागच्या वेळी जिंकलोच होतो की." मग त्याने 'नो कॉन्टेस्ट' म्हटलं. म्हणजे गुन्हा कबूल नाही, पण भांडतही नाही. निकालात मात्र दोषीच लिहितात. जजने विचारलं, "तुझ्यावर कुणाचा दबाव आहे का?" त्याने आईकडे पाहिलं आणि "नो, सर" म्हणाला.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. अतिशहाण्याने तर जूरीच्या खोलीचा दरवाजाही बघू नये. आता जूरी निवडताना मी प्रत्येकाला एक प्रश्न विचारते. "घराला कुलूप लावल्यावर ते ओढून बघता का?" एकदा ओढणारे चालतात. गाडीपर्यंत जाऊन परत येणाऱ्यांना मी थँक यू म्हणून घरी पाठवते.

मार्कसला वेअरहाऊसने परत घेतलं नाही. नोकरीच्या प्रत्येक अर्जात एक चौकोन असतो: शिक्षा झाली आहे का? तो 'हो'वर खूण करतो. त्या खुणेची खात्री करायला मात्र कुणी शनिवारी गाडी काढत नाही.