शेजारच्या अण्णांना पाण्याचा खेळ दाखवला

मंडळी, आज मी सूड घेतला आणि अजिबात वाईट वाटत नाहीये.

आमच्या जुळे सोलापुरात नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं. त्या दिवशी शेजारचे अण्णा थेट नळाला मोटार लावतात आणि आमच्या नळातून नुसती हवा येते. विचारलं की म्हणतात, "वहिनी, प्रेशरच कमी हाय, मी तरी काय करू?"

पाणी उद्या यायचं होतं. दुपारी कळलं, आजच संध्याकाळी सोडणार आहेत. अण्णांना मी काहीच बोलले नाही. पाण्यातल्या कसरतींच्या शोची तिकिटं काढली आणि त्यांचं अख्खं घर सोबत घेऊन गेले. आमचे हे डोकं दुखतंय म्हणून घरीच थांबले.

स्टेजवर धो धो पाणी कोसळत होतं आणि त्यातून पोरी दोरीला लटकून गिरक्या घेत होत्या. पुढच्या रांगेत अण्णा चिंब भिजून टाळ्या वाजवत होते. "लई भारी हाय की वहिनी," म्हणाले. तेवढ्यात ह्यांचा मेसेज आला, टाकी काठोकाठ भरली.

आत्ता अण्णा बादली घेऊन दारात आले. "पाणी येऊन गेलं म्हणं. त्या शोच्या पाण्यानं अंगाला खाज सुटलीय, अंघोळीपुरतं द्या की."

मी म्हटलं, "अण्णा, प्रेशरच कमी हाय, मी तरी काय करू?"

बादली दारातच ठेवून गेलेत. भरून देऊ का नको, तुम्हीच सांगा. तोवर मी दुसऱ्यांदा अंघोळ करून येते.