एकाचाही डोळा मिटता कामा नये

१४ डिसेंबर, सकाळी नऊ वाजून चाळीस मिनिटांनी मी एका जिवंत माणसाला त्याच्याच अंगणात, त्याच्याच कुटुंबाच्या साक्षीने मृत ठरवले. त्या वेळी त्याच्या तोंडात पेढा होता. या घटनेला आता तीन वर्षे झाली. गाव मोताळा तालुक्यातले, रोहिणखेडच्या थोडे पुढे. नाव लिहीत नाही. तिथे मला अजूनही ऑर्डरसाठी जावे लागते!

नांदुऱ्यात स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर बाबांचा फोटो स्टुडिओ आहे. माझ्या लहानपणी दिवाळीला त्याच्या दारात रांग लागत असे. आत काश्मीरचा रंगवलेला पडदा होता. (त्यातले कमळ बाबांनी स्वतः काढले होते, ते पत्ताकोबीसारखे दिसे, पण ग्राहकांनी कधी तक्रार केली नाही.) माझे भौतिकशास्त्राचे शिक्षण शाळेत नव्हे, डार्करूमच्या लाल उजेडात सुरू झाले. ट्रेमधल्या द्रावणात कोरा कागद बुडायचा आणि त्यावर हळूहळू कुणाचे तरी नाक उगवायचे. मी श्वास रोखून पाहत असे. त्या आंबूस वासाइतका उत्साहवर्धक वास मला पुढे कोणत्याही प्रयोगशाळेत मिळाला नाही.

मग प्रत्येक खिशात कॅमेरा आला, पाठोपाठ टाळेबंदी आली, आणि स्टुडिओत दोनच प्रकारची माणसे उरली : अर्जाला फोटो चिकटवणारी आणि भिंतीवर फोटो होऊन टांगली जाणारी. पहिली स्वतः येत. दुसऱ्या प्रकारातली येऊ शकत नसत. त्यांच्या घरी बाबा स्कूटरवरून जात, जुना फोटो आणत आणि तो मोठा करून हारासकट पोहोचवत. त्यामुळे आसपासच्या गावांत एक नियम दृढ झाला होता. लग्नाचा मांडव नसताना बाबांची निळी स्कूटर ज्या दारात उभी, त्या घरात कुणीतरी गेले!

अशा काळात मी एम.एस्सी. होऊन पुण्याच्या प्रयोगशाळेतील नोकरी नाकारली आणि स्टुडिओत रुजू झाले. मामांना हा निर्णय मानवला नाही. त्यांना त्या जागेत मोबाइलच्या कव्हरांचे दुकान हवे होते.

"येम्मेस्सी करून लोकायचे फोटो काढतं तू? काऊन वं?"

"प्रकाशाचाच अभ्यास आहे, मामा."

"मंग बल्ब इक!"

बाबांनी शेवटी तोडगा काढला. "दौलतदादाजीची ऑर्डर आहे. थे जमली त स्टुडिओ राह्यला. नाई जमली त सोमवारी मामाले किल्ली."

दौलतदादाजी नव्वदीला टेकलेले शेतकरी. त्यांना चार पिढ्यांचा, अठ्ठेचाळीस माणसांचा, दरवाजाएवढा फोटो हवा होता. अट एकच होती : एकाचाही डोळा मिटता कामा नये. त्यामागे इतिहास होता. दादाजींचा पत्नीबरोबरचा एकुलता एक फोटो बाबांनीच काढलेला, धंद्याच्या पहिल्या वर्षी, रोलमधल्या शेवटच्या फ्रेमवर. त्यात आजी छान हसत होत्या आणि दादाजींचे डोळे मिटलेले होते. पुढच्या महिन्यात आजी गेल्या.

"ते जिंदगीभर माह्याकडं पाह्यत राह्यली," दादाजी बाबांना म्हणाले होते, "अन् फोटोत मी झोपेल! आता माह्या जित्तेपणी, डोये उघडे असलेला एक फोटो काढ. मेल्यावरचा त तू काढशीनच."

हा प्रश्न मी शास्त्रीय पद्धतीने हाताळला. आठवडाभर आईसमोर घड्याळ लावून बसले आणि तिची पापणी मिनिटाला किती वेळा लवते ते मोजले. (आठव्या दिवशी तिने मला लाटणे दाखवले.) त्यावरून गणित मांडले : अठ्ठेचाळीस जणांचे डोळे एकाच क्षणी उघडे सापडायला सरासरी पंचावन्न फोटो काढावे लागतील. दादाजी तेवढा वेळ बसणार नाहीत. म्हणून उपाय : सर्वांनी आधी डोळे मिटायचे, मी एक-दोन-तीन म्हणायचे, 'तीन'ला सर्वांनी उघडायचे. ताज्या उघडलेल्या डोळ्याची पापणी लगेच लवत नाही. सिद्धांत निर्दोष होता!

सकाळी नऊला आम्ही पोहोचलो. स्कूटर दारात लावली. दादाजी पांढऱ्याशुभ्र धोतरात, अंगणाच्या मध्यभागी खुर्चीवर. थोरल्या सुनेने कौतुकाने त्यांच्या गळ्यात झेंडूचा हार घातला आणि तोंडात पेढा. मागे सारे कुटुंब रांगांत उभे.

"डोळे मिटा!" मी आज्ञा केली. "मी 'तीन' म्हणेपर्यंत कुणी उघडू नका, कुणी बोलू नका!"

अठ्ठेचाळीस जणांनी डोळे मिटले.

"एक... दोन..."

आणि नेमका ढग आला. प्रकाश निम्म्यावर! मी कॅमेऱ्याची मापे बदलली, ती वहीत नोंदवली, मागची नोंद तपासली, तिच्यात एक चूक सापडली, ती दुरुस्त केली. 'तीन' म्हणायचे राहूनच गेले. अंगणात निःशब्द शांतता. सर्वांच्या माना खाली. सासूच्या आठवणीने थोरल्या सुनेने पदराने डोळे टिपले. डुलकी लागून दादाजींची मान एका बाजूला कलली.

त्याच क्षणी शेजारच्या कुंपणावरून आयुबचाचा डोकावले. चाचा गादी भरण्याचे काम करत. दादाजींचे सत्तर वर्षांपासूनचे दोस्त. त्यांनी आधी निळी स्कूटर पाहिली. मग हार. मग कललेली मान आणि डोळे मिटून उभे कुटुंब. उपलब्ध माहितीवरून त्यांनी काढलेला निष्कर्ष माझ्या मते पूर्णतः तर्कशुद्ध होता.

"या अल्ला! दौलत गेला रे!"

ते आत यायच्या ऐवजी थेट चौकात धावले, आणि चौकातून बातमी क्षणात फोनोफोनी पसरली.

मी दचकून "तीन!" म्हटले. दादाजी सोडून सर्वांनी डोळे उघडले आणि लगेच एकमेकांकडे वळवले, कारण सगळ्यांच्या खिशांतले फोन थरथरू लागले होते. दादाजींचे थोरले चिरंजीव नामदेवराव यांनी फोनवरचा संदेश मोठ्याने वाचला. "'तुमच्या दुःखात आम्ही सहभागी आहोत.' कायचं दुःख बे?"

"मोठा फोटो लागन त सांगा म्हनते," धाकटी सून तिच्या फोनात पाहत म्हणाली. "खामगावचे फोटोवाले!"

"खामगाववाले?" बाबा ताडकन उठले. "आपली ऑर्डर थे कसे घेतीन?" (संकटातही व्यवसायनिष्ठा!)

दहा मिनिटांत अंगण भरले. बायका रडतच आल्या. कुणी बांबू घेऊन आले. सर्वांत पुढे आयुबचाचा.

"दौलत, मले न सांगता गेला कसा बे?"

"कुठी गेलो?" दादाजींनी डोळे उघडले. "पेढा खाऊन राह्यलो."

चाचा जे संतापले! "मी दुकान बंद करून आलो! चौकात बसून रडलो! लाज नाई वाटत जित्ता बसाले?"

"तू रडला?"

"हाव!"

"खरंच?"

"मंग काय खोटं? सदरा पाह्य, वला आहे!"

दादाजींनी तो ओला सदरा हाताने चाचपून पाहिला. मग बाबांना म्हणाले, "जेवढे रडाले आले, तेवढे सारे फोटोत घे. मेल्यावर मले दिसनार नाईत हे."

बांबूवालेसुद्धा रांगेत उभे राहिले. मी डोकी मोजली : एकशे अठरा. पुढल्या रांगेच्या कडेलाच खाली बसून मी वहीत गणित पुन्हा मांडले. अपेक्षित फोटो : अठरा हजार सातशे! दिवसभरात शक्य नाही. सोमवारी मामांच्या हाती किल्ली.

"ओ सायंटिस," बाबा कॅमेऱ्यामागून म्हणाले, "उठ माय."

"बाबा, थांबा! हे गणितात बसत नाही!"

इतक्यात कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेरच्या फाटकातून दादाजींचे व्याही आत आले. ते सुतकी चेहऱ्याने मयतावर पांघरायला आणलेले धोतराचे नवे पान सावरत होते, आणि समोर दादाजी हात उंचावून ओरडले, "या व्याही, बरे आले! माह्यासाठी आनलं काय?" व्याह्यांच्या हातून पान गळून पडले. सारे अंगण त्यांच्याकडे वळून खदखदून हसले आणि बाबांनी बटण दाबले. एकदाच. जसे ते रोलच्या काळात दाबत.

संध्याकाळी स्टुडिओत तो फोटो संगणकाच्या पडद्यावर मोठा केला. कुणीच कॅमेऱ्याकडे पाहत नव्हते. फक्त दादाजींची नजर हसता हसता समोर परतली होती आणि थेट, टक्क, भिंगात रोखलेली होती. बाबा चष्मा पुसून म्हणाले, "मोज."

मी एकेक चेहरा तपासत दोन वेळा मोजले. आकडा तोच आला : एकशे अठरा. सोमवारी मामा किल्ली घ्यायला आले, तेव्हा दारात त्या गावचे सात जण उभे होते. प्रत्येकाला जित्तेपणीचा फोटो हवा होता.

पुढल्या रांगेत उजवीकडे, जमिनीवर बसलेली एकशे एकोणिसावी व्यक्ती मला तिसऱ्या मोजणीत दिसली. शास्त्रीय प्रामाणिकपणा म्हणून ती नोंदही मी केली :

उघडे डोळे : दोनशे छत्तीस. मिटलेले : शून्य. वहीत खुपसलेले : दोन.