नवऱ्यांची सहल

वणीच्या शाळेत मी आयुष्यभर नागरिकशास्त्र शिकवलं. सभागृहाचा विश्वास असेपर्यंतच सरकार टिकतं, हे वाक्य पोरांकडून घोकून घेतलं. निवृत्त झाल्यावर तो विश्वास कसा असतो ते जवळून पाहिलं आणि शिसारी आली.

मुकुटबनच्या रस्त्यावरच्या एका गावात माझी धाकटी बहीण उपसरपंच आहे. तिचा गुन्हा एवढाच, की नळाची नवी पाइपलाइन आधी खालच्या वस्तीत गेली पाहिजे, असा हट्ट तिने धरला. तिथल्या बाया अजून लांबच्या हातपंपावर रांग लावतात. गावच्या पुढाऱ्याला मात्र पाइप आधी आपल्या प्लॉटांकडे न्यायचा होता. तिथे एक घर नाही, नुसते हद्दीचे दगड रोवलेत. त्याने तिच्यावर अविश्वास ठराव आणवला. ती गेली असती तर वस्तीचं पाणीही गेलंच म्हणून समजा.

मतं फुटू नयेत म्हणून सदस्यांना सहलीला नेऊन ठेवायची रीत आता ग्रामपंचायतीपर्यंत पोचली आहे. मोठ्या सभागृहांकडून आमच्या गावांनी मन लावून गिरवलेला हा एकच धडा. फक्त इथे बहुतेक सदस्य बाया, राखीव जागांवर नवऱ्यांनी उभ्या केलेल्या. म्हणून सहलीला कोण गेलं? नवरे! पचमढीच्या लॉजवर त्यांचे मोबाइल काढून घेतले, मटण खाऊ घातलं, मत कसं द्यायचं ते पढवलं. ज्यांना खरोखर मत द्यायचं होतं त्या घरी भाकरी थापत होत्या, कापूस वेचत होत्या. ठरावाच्या अर्जावर त्यांच्या सह्या होत्या, पण त्यात काय लिहिलंय ते वाचून दाखवायची तसदी कोणी घेतली नव्हती. आणि यात काही चुकतंय असं एकाही शहाण्याला वाटलं नाही.

सभेच्या दिवशी नवरे गाडीतून उतरले आणि थेट आत शिरायला निघाले. तहसीलदारांनी दारातच अडवलं, सदस्य सोडून कोणीही आत नको म्हणाले. तेव्हा कुठे यांची धांदल उडाली. एकेकाने बायकोला बाजूला घेऊन सांगितलं, "सायेबानं इचारलं का हात वर करजो, बस."

मी खिडकीबाहेर त्या नवऱ्यांच्या गर्दीत उभा होतो. तहसीलदारांनी ठराव वाचला आणि आधी विचारलं, ठरावाच्या विरोधात कोण? सगळ्या बायांचे हात वर गेले. पुढारी काच ठोठावू लागला, नवरे हातवारे करू लागले, तशा बायांनी हात आणखी ताणून धरले. तहसीलदारांनी हात मोजले, नोंद केली, सह्या घेतल्या. ठराव बारगळला. मला इतका आनंद झाला की लाज वाटायला हवी होती, पण वाटली नाही.

संध्याकाळी पेढे घेऊन बहिणीकडे गेलो. तिने पुडा हातात घेतला आणि न उघडताच फळीवर ठेवला. म्हणाली, "माह्यावर कोणाचा विश्वास नाही, दादा. मी चुकून राह्यली."

मी तिला कायदा सांगू लागलो, की आता लगेच दुसरा ठराव आणता येत नाही. तिला तो माझ्याआधी ठाऊक होता. ती चपला घालतच होती.

"म्हणूनच चालली," ती म्हणाली. "त्यायले पुन्हा ठराव आणता याच्या आत वस्तीत नाली खोदून पाइप टाकून घ्या लागते."