अन्नपूर्णाबाईचा ऊस

चामोर्शीच्या रस्त्यावर, आमच्या गावच्या फाट्याला माझी चहाची टपरी आहे. त्यामुळे अन्नपूर्णाबाई मडावी गावाला बनवते आहे, हे सगळ्यांत आधी मला कळलं. दूध घालणाऱ्या बाईची लबाडी चहावाल्यापासून लपत नाही. पण मी तोंड उघडलं नाही. उघडलं असतं तर काळा चहा विकत बसलो असतो.

बाई ठेंगणी, हसरी, बोलायला चुरचुरीत. नवरा डोमाभाऊ साधा माणूस. ती म्हणेल ती पूर्व दिशा. एका बाबतीत मात्र त्या वर्षी त्यानं तिचं ऐकलं नव्हतं, आणि ती बाब म्हणजे लाली, तिची तांबडी गाय.

आधी गावची गुरं सकाळी गावाबाहेरच्या आखरावर जमायची आणि तिथून ढोरकी वारलू त्यांना जंगलात चारायला न्यायचा. त्या हिवाळ्यात वाघानं कळपातल्या दोन गाई मारल्या. वारलूनं काठी आखरावरच टाकली आणि मिरची तोडायला तेलंगणात निघून गेला. परत येऊन म्हणाला, मिरची डोळ्यांत जाते, पण मागून झडप घालत नाही. त्याला कोण काय म्हणणार? तेव्हापासून गुरं दावणीला आणि पुढ्यात धानाची तणीस. तणसावर गाय जगते, पण दूध कुठलं देते? उन्हाळ्यात लालीच्या बरगड्या दिसायला लागल्या आणि डोमाभाऊनं मूल गावच्या गुरांच्या व्यापाऱ्याला शब्द देऊन टाकला, की दूध असंच राहिलं तर दिवाळीनंतर गाय घेऊन जा. अन्नपूर्णाबाई त्या दिवशी जेवली नाही. इतकी गप्प मी तिला कधी पाहिली नव्हती, आणि मला ते मुळीच आवडलं नाही.

पावसाळ्याच्या तोंडावर जनावरांचे डॉक्टर आले. तरुण, नवे, बाहेरच्या जिल्ह्यातले. सोबत गोणपाटात बांधलेल्या गवताच्या कांड्या. समाजमंदिरात बसवून त्यांनी फार छान समजावलं. घरामागे लावा, न्हाणीच्या पाण्यावर वाढेल, कापलं की पुन्हा फुटेल, गाय दूध देईल, जंगलात जायचं काम नाही. लोक माना डोलावत होते. बायका गोणपाटाकडे सरकायलाही लागल्या होत्या. तेवढ्यात साहेबांना काय अवदसा आठवली कोण जाणे. म्हणाले, "याला हत्तीघास म्हणतात."

झालं! दोन वर्षांपूर्वी हत्तींचा कळप आमच्या शिवारातून गेला होता. माजी सरपंच भैयाजींचं धान त्यांनी खाल्लं ते खाल्लं, वर उरलेल्यात लोळून गेले. भैयाजी ताडकन उभे राहिले.

"साहेब, वाघ अजून गेला नाई, अन् तुमी हत्तीले जेवाले बोलावून राह्यले?"

"अहो, उंच वाढतं म्हणून नुसतं नाव आहे तसं."

"नाव उगाच पडते का जी?"

समाजमंदिर रिकामं झालं. कांड्यांकडे कोणी वळूनही पाहिलं नाही. संध्याकाळी अन्नपूर्णाबाई तिथं पडून राहिलेल्या कांड्यांचं गोणपाट डोक्यावर घेऊन माझ्या टपरीवरून गेली.

"काय नेऊन राह्यली बाई?" मी विचारलं.

"चुलीले होते," ती म्हणाली.

पावसाळ्यात, ओल्या कांड्या, चुलीला! मी गिऱ्हाइकाच्या कपात साखर घातली.

डोमाभाऊ त्या सभेला नव्हता, शेतात होता. त्याला तिनं सांगितलं, भावानं उसाचं बेणं दिलं. गावालाही तेच सांगितलं. घरामागे, न्हाणीचं पाणी जातं तिथं, तिनं ओळीनं कांड्या खोचल्या. ते वर आलं, फोफावलं, माणसाच्या डोक्याबरोबर झालं. ती रोज थोडं कापून लालीपुढे टाकायची. डोमाभाऊला गोडाची भारी आवड. तो रोज विचारायचा.

"ऊस कवा चोखाचा?"

"कच्चा हाय अजून."

"मंग लालीले काऊन कापून राह्यली?"

"ते वाढे होत, वरचे शेंडे. वाढे गाईचेच असतात."

दसऱ्यापर्यंत लालीच्या बरगड्या झाकल्या. टपरीवर दूध वाढलं. गावात बाकी सगळ्यांच्या गाई आटलेल्या, म्हणून भैयाजी रोज माझ्याकडेच यायचे आणि मलईचा चहा मागायचे.

दिवाळीच्या आधी वनरक्षक सांगून गेला, कळप पुन्हा या बाजूला आहे, धान आणि ऊस सांभाळा. भैयाजी विळा घेऊनच निघाले. गावात ऊस एकाच घरी होता. मागे आम्ही सगळे. मला वाटलं, आता बाईचं बिंग फुटणार आणि माझं दूध जाणार. पहिली चिंता तिची होती असं म्हणायला आवडलं असतं.

"कापाचाच हाय तं एक तुकडा चोखू तं द्या," डोमाभाऊ म्हणाला आणि त्यानं एक कांडं दातात धरलं. चावलं. पुन्हा चावलं. मग थुंकला.

"अन्नपूर्णा, हा ऊस नाई."

बाई लालीच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली.

"नाई. हत्तीघास हाय. मंग? पावसाळाभर इथीच उभं हाय, हत्ती आला का? आलं तं दूध आलं. लालीले वाघाच्या तोंडी देऊ का बजारात नेऊ, तेवढं सांगा अन् मंग कापा. भैयाजी, तुमी रोज मलईचा चहा पिता, ते कोनाचं दूध हाय? विचारा धनराजभाऊले."

सगळे माझ्याकडे वळले.

"लालीचं," मी म्हणालो.

भैयाजींनी विळा या हातातून त्या हातात घेतला. गवताकडे पाहिलं, मग लालीच्या सडांकडे पाहिलं.

"वनरक्षकानं ऊस सांगतला," ते शेवटी म्हणाले. "घासाचं नाव त्यानं घेतलं नाई. पन हत्तीचं नाव गावात कोनी काढाचं नाई, सांगून ठेवतो. ऊस होता, ऊसच म्हना." मग तिच्याजवळ जाऊन हळूच, "बेणं हाय का थोडं?"

कळप दुसऱ्याच बाजूनं निघून गेला. दिवाळीनंतर मूलचा व्यापारी आला. डोमाभाऊनं त्याला माझ्या टपरीवर बसवलं, लालीच्या दुधाचा चहा पाजला आणि तसाच परत पाठवला. अन्नपूर्णाबाई त्या दिवशी विनाकारण तीनदा टपरीवर येऊन गेली आणि प्रत्येक वेळी हसली.

यंदा पावसाळ्यात डॉक्टर पुन्हा आले. फाट्यावर उतरून त्यांनी मला, डोमाभाऊला आणि भैयाजींना जरा भीतभीतच विचारलं, "हत्तीघास लावलं का हो कोणी?"

"नाव नका काढू साहेब," भैयाजी म्हणाले. "आमच्या गावात एक कांडी नाई."

डॉक्टर गावात शिरले, मागोमाग आम्ही तिघं. प्रत्येक घरामागे, न्हाणीच्या पाण्यावर, डोक्याएवढं हिरवंगार गवत डुलत होतं. डॉक्टर जागीच थबकले.

"मग हे काय आहे?"

"हा? हा अन्नपूर्णाबाईचा ऊस," डोमाभाऊ म्हणाला. "पन चोखू नका साहेब. कच्चा हाय अजून."