कुसुमच्या बारीक द्राक्षांची वाइन

दिंडोरीकडचं आमचं गाव सोडलं, तेव्हा मी टेम्पोत पुढं, ड्रायव्हरशेजारी बसले होते. पायात उंच टाचांच्या चपला, डोळ्यांवर भावाचा गॉगल. धाकटी बहीण कुसुम द्राक्षबागेच्या बांधावर हमसून रडत होती आणि ही बावळट नवरी हात हलवत होती, जणू अंबरनाथ विलायतेत आहे. आई एवढंच म्हणाली, "दोनच खोल्या आहेत तिथं, बये. रुसून जाशील कुठं?"

अंबरनाथ पश्चिमेच्या त्या दोन खोल्यांतून मी कुसुमला पत्रं लिहायची ती काय थाटात! यांची फॅक्टरीतली नोकरी, घरात नळ, उल्हासनगरच्या मार्केटात मिळत नाही अशी वस्तू नाही. एक गोष्ट मात्र लिहायची नाही. मोसमात हातगाडीवरून पाव किलो द्राक्षं आणायची आणि एकटीच बसून त्यांना नावं ठेवत खायची.

पुढं आम्ही बदलापूरला, बेलवलीत फ्लॅट घेतला. तिकडं दादांमागं, म्हणजे आमच्या वडिलांमागं, कुसुमनं बाग सांभाळली, वाढवली. गडीमाणसं तिला विचारून कामाला लागतात. इथं मला विचारून फार तर भाजी ठरते. जळफळाट व्हायचा, खोटं कशाला बोलू?

चार वर्षांपूर्वी तिनं मार्सेलान नावाची काळी द्राक्षं लावली. नाव कुणी ऐकलेलं नाही. पहिल्या पिकाला मी मुद्दाम गेले, घड बघितले आणि मनातल्या मनात उकळ्या फुटल्या. मणी एवढुसे, वर आत बिया! आम्ही खायच्या द्राक्षांच्या घरात वाढलेल्या. मणी फुगला नाही तर वर्ष वाया. चारचौघांत म्हणाले, "कुसुमे, घड फुगवायच्या औषधात बुडवायला विसरलीस की काय गं?"

"ताई, ही वाइनची. बारीकच हवीत," ती म्हणाली.

पण ऐकून घेईन तर मी कसली! कसारा घाट उतरेपर्यंत खुशीत होते.

गेल्या महिन्यात कुसुम त्याच द्राक्षांची बाटली घेऊन बेलवलीला आली. शेजारच्या सिंधी कविताभाभींनाही बोलावलं. मी स्टीलचे पेले काढले, तर कुसुमनं काचेचे मागितले. "आधी वास घे, मग घोट."

खोट काढायचीच, असं ठरवून घोट घेतला. आधी पिकलेलं जांभूळ आलं, मागून करवंद, आणि गिळल्यावर जिभेवर हलकासा तुरटपणा रेंगाळला. मेली लागली चांगली! भाभी तर म्हणाल्या, "दीदी, ये तो फालसे के शरबत की बड़ी बहन है!"

कुसुम माझ्याचकडे बघत होती. "ताई, खरं सांग. पोरं म्हणतात, या द्राक्षाला कुणी ओळखत नाही, वेली काढून टाकू. दादा तुला मणी चाखायला लावल्याशिवाय तोडणीचा खुडा धरायचे नाहीत. तू नको म्हणालीस, तर मीही काढते."

असा मोह शत्रूलाही होऊ नये. पन्नास वर्षांचं उट्टं एका शब्दात निघत होतं. म्हणाले, "आंबट आहे."

वाद नाही, रुसवा नाही. कुसुमनं बाटलीला बूच लावलं आणि पोराला सांगायला फोन उचलला. मी तिच्या हातातून तो हिसकावूनच घेतला. "थांब गं! खोटं बोलले. चांगली आहे. इतकी चांगली, की मला राग आलाय. एक वेल काढायची नाही."

ती आधी रडली, मग इतकी हसली की भाभींना पाठ चोळावी लागली.

गावाकडच्यांनो, आणि माझ्यासारखं गाव सोडून आलेल्यांनो, घर कशाला म्हणायचं ते मला या वयात कळलं. आपण निघून जाऊन जन्म लोटला तरी जिथं आपल्या एका शब्दावर उभ्या वेली उपटल्या जातील, ते घर. अशा ठिकाणी तोंड सांभाळून उघडावं लागतं.

हेवा गेला का? छे! कुसुम निघताना मी म्हणाले, "या खुड्याला मी येणार, आणि पहिला घड मीच तोडणार."

"बरं," ती म्हणाली. इतक्या सहज म्हणाली, की मला त्याचाही हेवा वाटला.