आक्काच्या गाडीचा काटा

आक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी कारखान्याच्या आवारात, उसाने भरलेली गाडी घेऊन रांगेत उभा होतो. दाजी एवढंच म्हणाले, ‘बाळू, तुजी आक्का गेली रं...’ दुपारी जेवून जरा आडवी झाली, ती उठलीच नाही. मी स्टिअरिंगवर डोकं टेकून बसलो. मागच्या ट्रकचा ड्रायव्हर बघायला आला, त्याला सांगितलं, आणि थोड्या वेळात पुढच्या गाड्या बाजूला सरकायला लागल्या. ‘आक्काची गाडी हाय, जाऊ द्या म्होरं,’ असा निरोप रांगेभर फिरला. या रांगेत सख्ख्या भावालाही कुणी नंबर सोडत नाही. त्या दिवशी आमची गाडी सगळ्यांच्या पुढं गेली. आक्का तिथं असती तर म्हणाली असती, ‘एवढा उशीर का केला?’

गाडी खरं तर दाजींची. घेतानाच जुनी होती. एका हंगामात उसावर दोर आवळताना दाजी वरून पडले आणि त्यांची कंबर गेली. मी त्यांचा मेहुणा, आक्काचा धाकटा भाऊ. तेव्हापासून गाडी मी चालवायला लागलो. दाजी उभे राहिले तर गाडीच्या पुढं देवी बसवीन, असा नवस आक्का बोलली. दसऱ्याच्या आधीच दाजी काठी टेकत अंगणात आले. आक्काला लहान काही करताच येत नसे. शिरा केला की गल्लीला पुरायचा, भांडली की अख्ख्या मंद्रूप गावाला ऐकू जायचं. तिने सोलापुरातल्या पेंटरकडून देवीची पत्र्याची पाटी करून आणली, ती गाडीची पुढची जाळी जवळजवळ सगळी झाकेल एवढी. खंडेनवमीला गाडी धुतली, झेंडूच्या माळा घातल्या, पाटी बसवली, नारळ फोडला. आम्ही सगळ्यांनी दोन पावलं मागं सरून हात जोडले.

हंगाम सुरू झाला आणि गाडी तापायला लागली. भरली गाडी सीना नदीच्या पुलावरून वर चढली की उष्णतेचा काटा लाल रेघेवर आणि रेडिएटरमधून वाफा. रशीद मिस्त्री आमचा जुना माणूस, त्याचा हात चांगला. त्याने फॅनबेल्ट बदलला, वॉटर पंप बदलला, हेड खोलून गॅस्केट टाकलं. दर वेळी तो पाटी अदबीने उतरवायचा, धुतलेल्या कापडात गुंडाळून फळीवर ठेवायचा, मग जाळी काढून काम करायचा. काम झालं की गाडी तशीच उघडी घेऊन फेरी मारून बघायचा, काटा जागचा हलायचा नाही. मग जाळी बसवायची आणि सगळ्यात शेवटी, उदबत्ती लावून, पाटी. दुसऱ्या दिवशी चढावर पुन्हा वाफा.

शेवटी रशीदने हात टेकले. ‘आक्का, इंजिनच थकलंय. कितीबी करा, आता ते ऐकणार न्हाय.’ भंगारवाला येऊन गाडीवर बोटं वाजवून गेला. गाडी गेली असती तर मी पुण्याला एखाद्या कंपनीत गेलो असतो आणि दाजी उंबऱ्यात बसून राहिले असते. ते कुणी बोलत नव्हतं, पण घरात तेवढा एकच विचार होता. त्या आठवड्यात आक्का कुणाशीही नीट बोलली नाही. ‘इकायच्या आदी मला एकदा बगू द्या,’ म्हणाली आणि माझ्याशेजारी केबिनमध्ये चढून गॅरेजवर आली.

रशीदने पाटी उतरवली, जाळी काढली आणि कौतुकाने म्हणाला, ‘बघा, रेडिएटर कसा नव्यावानी हाय. देवीची कृपा.’ खरंच, कडेला धूळ आणि उसाचं पाचट घट्ट बसलेलं, पण मधला भाग लख्ख. आमचे हात आपोआप जोडले गेले. आक्काने मात्र पदर खोचला, वाकून मधे बोट फिरवलं, मग कडेला फिरवलं.

‘बाळूच्या कानात धूळ, माज्या डोक्यात धूळ,’ ती म्हणाली, ‘मग हितंच कशी न्हाय?’

तिने धुळीचं बोट आमच्यापुढं धरलं.

‘जितनं वारं जातंय तितं धूळ बसती. हितनं वारंच जात न्हाय.’

रशीदने फळीवरच्या पाटीकडे बघितलं, मग रेडिएटरकडे. ‘पण आक्का, देवीची पाटी...’

‘देवी काय इंजिन तापवाया आलीया व्हय? मीच बशिवली, मीच काडली. चल बाळू, भर गाडी.’

गाडी भरली. पाटी मांडीवर घेऊन ती शेजारी बसली. चढ लागला तशी ती काट्याकडे बघत होती, मी रस्त्याकडे, कारण काट्याकडे बघायची माझी छाती नव्हती. ‘निम्म्यावर हाय,’ ती म्हणाली. थोड्या वेळाने पुन्हा, ‘निम्म्यावरच हाय.’ माथ्यावर पोचलो तेव्हा वाफेचा टिपूस नव्हता. येताना तिने मंद्रूपच्या वेशीपासून घरापर्यंत मला हॉर्न वाजवायला लावला. दाजी काठी विसरून दारात आले.

पाटी तिने मागच्या फाळक्यावर लावून घेतली. ‘म्होरनं वारं लागू दे, मागनं देवी राखंल,’ म्हणायची. हा किस्सा तिने प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशात सांगितला. पाटी मुळात कुणी बसवली, हा भाग त्यातून हळूहळू गळून गेला. आठवण करून दिली तर म्हणायची, ‘देवीनंच सुचिवलं न्हवं?’ तिला हरवणं कुणालाच जमलं नाही. रस्त्यावर असताना तिचा फोन आला की बाळू कुटं हायस, असं तिने कधी विचारलं नाही. ‘काटा कुटं हाय?’ एवढंच. त्यातच सगळी चौकशी असायची. आता तो फोन येत नाही, आणि मला फार चुकल्यासारखं होतं...

तेराव्याला भाच्याने तिचा फोटो करून आणला. आईला साजेसा, भला मोठा, फ्रेमसकट. ‘मामा, गाडीच्या म्होरं लावू या का? जाळीवर?’ त्याने विचारलं. मी दाजींकडे बघितलं. ती गेल्यापासून दाजी पहिल्यांदाच हसले, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. ‘नगं रं बाबा,’ म्हणाले, ‘ती सोताच उटून काडंल.’

फोटो मग केबिनमध्ये लावला, तिच्या बसायच्या जागेमागं. काल भरली गाडी घेऊन सीनेच्या चढाला लागलो. या वेळी मी काट्याकडे बघितलं.

‘निम्म्यावर हाय, आक्का,’ मी मोठ्यानं म्हणालो आणि येताना मंद्रूपच्या वेशीपासून घरापर्यंत हॉर्नवरचा हात काढला नाही.